टेलिव्हिजनचा लेखक निर्माता कसा होतो

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘निर्माता’ हा शब्द वाचला की पैसा उभा करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. टेलिव्हिजनवर, आणि विशेषतः अमेरिकी पद्धतीने चालणाऱ्या मालिकांत, तोच शब्द बऱ्याचदा लेखकासाठी वापरलेला असतो. एकाच एपिसोडच्या सुरुवातीला सहा-सात निर्मात्यांची नावे झरझर येऊन जातात. त्यांतली बरीचशी माणसे काही आठवड्यांपूर्वी एका खोलीत बसून सीन रचत होती. याचे कारण मालिकेच्या रचनेतच आहे. दिग्दर्शक एपिसोडगणिक बदलू शकतो, वाहिनीचे अधिकारी बदलतात, कधी नटही बदलतो; परंतु थोरल्या बहिणीने पहिल्या एपिसोडमध्ये आईपासून काय लपवले होते आणि ते आजवर कुणाकुणाला कळले आहे, याचा हिशेब अखेरपर्यंत ज्याच्या डोक्यात असतो तो लेखकच असतो. ज्याच्याकडे हा हिशेब, त्याच्याच हाती हळूहळू मालिकेचा कारभार जातो.

लेखनात उत्तम गती असलेली अनेक माणसे या वाटेवर मध्येच अडकतात, आणि त्यांचे अडकणे बहुधा भाषेमुळे किंवा कल्पनेच्या दारिद्र्यामुळे नसते. आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीपायी दुसऱ्या कुणाला तरी सकाळी लवकर उठून काहीतरी करावे लागते, ही गोष्ट त्यांच्या अंगी मुरलेली नसते. पुढे हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण माझ्या मते लेखक आणि लेखक-निर्माता यांच्यातील खरा फरक तेवढाच आहे.

पदे आणि त्यांचे अर्थ

अमेरिकी मालिकेच्या लेखकवर्गात सर्वांत खालची पायरी स्टाफ रायटरची. त्यानंतर स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि अखेर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर अशी चढण आहे. मालिका प्रत्यक्ष चालवणाऱ्याला बोलताना शो-रनर म्हणतात. पडद्यावर मात्र त्याचे नाव सहसा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणूनच येते, आणि त्याच पदाची आणखी तीन-चार नावे शेजारी असू शकतात, ज्यांत एखादा मोठा नट, त्याचा व्यवस्थापक किंवा पायलटचा, म्हणजे मालिकेच्या पहिल्या, नमुन्यादाखल केलेल्या एपिसोडचा, दिग्दर्शकही असतो. म्हणून नामावलीवरून सत्ता कुणाची हे ठरवू नये. संकलनाच्या टेबलावर शेवटचा शब्द कुणाचा चालतो, हे विचारावे.

लेखकाने निर्मातेपदाचा खटाटोप का करावा, याचे जुने आणि बोलके उदाहरण अमेरिकी टेलिव्हिजन-लेखक रॉड सर्लिंग यांचे आहे. १९५०च्या दशकात त्यांच्या टेलिव्हिजन-नाटकांत प्रायोजकांनी अनेक फेरफार करायला लावले होते. १९५९ मध्ये त्यांची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी लेखनाबरोबर निर्मितीचा अधिकारही स्वतःकडे ठेवला, आणि १९६४ पर्यंत चाललेल्या १५६ एपिसोडपैकी ९२ स्वतः लिहिले. हा आकडा वाचून भारावून जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: उरलेले ६४ दुसऱ्यांकडून मिळवून ते मालिकेत शोभतील असे करून घ्यावे लागले, आणि निर्मात्याच्या खुर्चीवरचे काम ते आहे.

ब्रिटनमध्ये ही पद्धत सरसकट रुजलेली नाही. तिथे एक किंवा दोन लेखकांनी सगळे एपिसोड लिहायचे, निर्माता वेगळा आणि संहितेची डागडुजी पाहणारा स्क्रिप्ट एडिटर वेगळा, अशी जुनी वहिवाट आहे. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी मालिकेचे १९७५ आणि १९७९ मधील दोन्ही सीझन मिळून अवघे १२ एपिसोड आहेत. बारा एपिसोड दोघे लिहू शकतात. एका वर्षात बावीस लिहायचे ठरले की खोलीभर माणसे लागतात, आणि माणसे आली की त्यांना चालवणारा लागतो. मग लेखक-निर्माता ही जातही आपोआप तयार होते.

दार उघडायला लागणारी संहिता

सुरुवात करणाऱ्याजवळ किमान दोन पूर्ण संहिता असाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी स्वतःच्या मनातील मालिकेचा पायलट असावा. पूर्वी चालू मालिकेचा काल्पनिक एपिसोड लिहून तो नमुना म्हणून दाखवण्याची रीत होती. दुसऱ्याच्या आवाजात लिहिता येते की नाही हे त्यावरून कळते, म्हणून तो सराव आजही वाया जात नाही. परंतु नोकरी मिळवून देतो तो बहुधा स्वतःचा पायलट. मॅथ्यू वायनर एका विनोदी मालिकेच्या लेखकवर्गात काम करत असताना त्यांनी ‘मॅड मेन’चा पायलट स्वतःच्या हिमतीवर लिहिला होता. त्या संहितेच्या जोरावर ‘द सोप्रानोज’ मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस यांनी त्यांना आपल्या लेखकांत घेतले, आणि ‘मॅड मेन’ पडद्यावर आली ती बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये. म्हणजे नमुना-संहिता विकली गेली नाही तरी ती काम करत राहते. ती विकायची वस्तू आहे असे समजून जो लिहितो, तो प्रत्येक नकारागणिक खचतो.

पायलटला एकच गोष्ट सिद्ध करायची असते: ही गोष्ट पुढे चालणार आहे. नवख्यांचे पायलट वाचताना सर्वाधिक आढळणारा दोष हा की ते चित्रपटाचा पहिला अर्धा तास असतात. प्रश्न उभा राहतो, पण तो सुटला की मालिकाच संपेल असे दिसते. यावर एक साधी कसोटी आहे. पायलट लिहायला घेण्यापूर्वी पुढच्या वीस एपिसोडची एकेक ओळ लिहून पाहावी. त्या ओळींत व्यक्ती, तिला हवे असलेले काहीतरी आणि आड येणारे काहीतरी, एवढे असले म्हणजे पुरे. आठव्या-नवव्या ओळीला जर बाहेरून अपघात, हरवलेला जुळा भाऊ किंवा असाध्य आजार आणावा लागला, तर मूळ मांडणीत इंधन कमी आहे असे समजावे आणि तिथेच थांबून पात्रांच्या परस्परसंबंधांकडे पुन्हा पाहावे. दोन माणसे अशी हवीत की जी एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत आणि एकमेकांशी सहमतही होऊ शकत नाहीत. एवढे साधले की ओळी आपोआप येतात.

वाचणाऱ्याच्या टेबलावर संहितांचा ढीग असतो आणि तो पहिल्या दहा पानांत निकाल लावतो. यात अन्याय आहे, पण तो सर्वांवर सारखाच आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट हे गृहीत धरले जाते, तेव्हा दहा पाने म्हणजे प्रेक्षक चॅनेल बदलायचे की नाही हे ठरवतो तेवढाच अवधी. अमेरिकी वाहिन्यांवरच्या तासाभराच्या एपिसोडमधून जाहिराती वगळल्या की ४२ ते ४४ मिनिटे उरतात, अर्ध्या तासातून २१-२२. लांबीचे हे भान नमुन्यातच दिसले पाहिजे; ऐंशी पानांचा ‘तासाचा’ पायलट पाठवणाऱ्याने वाचणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलेले असते की कापायचे काम तुम्ही करा.

दुसरा दरवाजा सहायकपदाचा आहे. लेखकांच्या खोलीतील बोलणे टिपून ठेवणारा रायटर्स असिस्टंट आणि संहितेच्या आवृत्त्या, नावे, सीनचे क्रमांक सांभाळणारा स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर ही दोन्ही कामे किचकट आहेत आणि मोबदला बेताचा. तरीही लेखनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा मी ती श्रेष्ठ मानतो. सहा तासांच्या गोंधळलेल्या चर्चेतून संध्याकाळी दोन पानांचे स्वच्छ टिपण काढून देणाऱ्याला कथा कशी घडते आणि कुठे फसते हे सर्वांआधी दिसते, आणि एखादा एपिसोड लिहायला माणूस कमी पडला की पहिली नजर त्याच्याकडेच वळते.

लेखकांची खोली

मालिकेची कथा कागदावर येण्यापूर्वी भिंतीवर येते. फळ्यावर किंवा पुठ्ठ्यावर टाचलेल्या कार्डांवर प्रत्येक प्रसंग एकेका वाक्यात लिहिला जातो. मुख्य कथानकाचा रंग एक, दुय्यमाचा दुसरा. कार्डे दोन आठवडे जागा बदलत राहतात. त्यातून प्रसंगक्रम पक्का झाला की ज्या लेखकाच्या नावावर तो एपिसोड आहे तो आधी आराखडा लिहितो, त्यावर शेरे येतात, मग पहिला ड्राफ्ट, मग दुसरा, आणि शेवटचा हात बहुधा शो-रनर स्वतः फिरवतो.

या खोलीत नव्या माणसाने कसे वागावे, याविषयी बरेच सल्ले दिले जातात आणि त्यांतले निम्मे परस्परविरोधी असतात. मला महत्त्वाचे वाटतात ते एवढेच. ‘हे जमत नाही’ असे म्हणायचे असेल तर त्याच श्वासात दुसरा पर्याय सांगावा. नुसता दोष दाखवणारा माणूस बरोबर असला तरी खोलीला नकोसा होतो. आपली सूचना नाकारली गेली की ती एकदाच, फार तर दुसऱ्या शब्दांत, पुन्हा मांडावी. तिसऱ्यांदा मांडू नये. कुणाच्या अर्धवट कल्पनेतून आपल्याला पूर्ण कल्पना सुचली तर ती त्याच्या नावासकट सांगावी. आणि खोलीत कुणी स्वतःच्या आयुष्यातील घटस्फोट, आजारपण, दारू याविषयी सांगितलेले असते, ते खोलीबाहेर नेऊ नये. हा शेवटचा नियम मोडणाऱ्याला सहसा कुणी बोलत नाही, पण पुढच्या सीझनला बोलावतही नाही.

आपला ड्राफ्ट पुन्हा लिहिला जाणार, ही गोष्ट पहिल्यांदा अनुभवताना लागते. पडद्यावर आपले नाव असलेल्या एपिसोडमध्ये आपली फक्त अकरा वाक्ये उरली आहेत असे कधी कधी आढळते. अशा वेळी रुसण्यापेक्षा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून प्रत्येक बदलाचे कारण शोधावे. काही बदल नुसत्या आवडीनिवडीचे निघतात, ते सोडून द्यावेत; पण बरेचसे मालिकेच्या आवाजाशी, आधीच्या एपिसोडशी किंवा चित्रीकरणाच्या सोयीशी निगडित निघतात, आणि ही तिसरी कारणे ज्याला आधीच दिसू लागतात त्याच्या ड्राफ्टवर पुढे हात कमी फिरतो.

‘अख्खे गाव म्हणजे किती?’

माझ्या पहिल्याच वर्षी मी एका सीनच्या वर्णनात लिहून गेलो होतो, ‘पूर ओसरला आहे. अख्खे गाव पुलावर जमले आहे.’ दोन छोटी वाक्ये. लिहायला दहा सेकंदही लागली नसतील. दुसऱ्या दिवशी निर्मिती-व्यवस्थापक संहिता हातात घेऊन आले, पान उघडून माझ्यापुढे धरले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “अख्खं गाव म्हणजे किती माणसं धरू? आणि ती दुपारी जेवतील का?” मी गोंधळून म्हटले, “शंभर-दीडशे.” त्यांनी मान डोलावली, पेन्सिलीने आकडा लिहिला, आणि पुढे विचारले, “पूर ओसरलाय, म्हणजे कपडे चिखलाचे. सगळ्यांचे?” पुढचे मी ऐकलेच नाही. त्या सीनमध्ये नायकाला फक्त एका म्हाताऱ्याची नजर चुकवायची होती.

निर्मितीचे शिक्षण इथून सुरू होते, आणि ते घेण्यासाठी पदाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याच संहितेचा ब्रेकडाउन करावा: प्रत्येक सीनसाठी स्थळ, दिवस की रात्र, घरात की बाहेर, कोणते नट, जादा माणसे किती, वाहने, प्राणी, लहान मुले, पाऊस, आग, पडद्यावर दिसणारे अन्न. लहान मुलांना दिवसात ठरावीक तासच काम देता येते. खाण्याचा सीन असेल तर प्रत्येक टेकला ताट पुन्हा तसेच भरावे लागते. रात्रीचे चित्रीकरण लांबले की कलाकार-कामगारांना विश्रांतीचे तास द्यावे लागतात आणि दुसऱ्या दिवसाचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, पुढे सरकतो. एका दिवसात युनिटला एका लोकेशनवरून दुसऱ्यावर हलवले की सामान बांधण्या-उतरवण्यात अर्धी शिफ्ट जाऊ शकते. वेळापत्रक आखणारे लोक पानाचे आठ भाग करून सीन मोजतात. ‘दोन-अष्टमांश’ एवढा चिमुकला सीन दुसऱ्या टोकाच्या लोकेशनवर असला तर चार पानांच्या संवादापेक्षा महाग पडतो.

यावर लगेच भीती वाटते की असा हिशेब करू लागलो तर लेखन कोते होईल. माझा अनुभव उलट आहे, आणि तो एका उदाहरणाने सांगतो. मूळ सीन असा: रात्रीचे बसस्थानक, मुसळधार पाऊस, प्रवाशांची गर्दी. भाऊ कायमचा निघून चालला आहे. बस सुटते तेव्हा बहीण शेजारून धावत ओरडून त्याला सांगते की घर तिने विकले आहे. कागदावर हे थरारक दिसते. प्रत्यक्षात यासाठी रात्र लागते, पावसाची यंत्रणा लागते, शंभर माणसे लागतात, चालत्या बसवर कॅमेरा लागतो, भिजलेल्या कपड्यांचे तीन-चार जोड लागतात, आणि एवढे करून पावसाच्या आवाजात बहिणीचे वाक्य ऐकू येत नाही, म्हणून ते नंतर स्टुडिओत पुन्हा बोलवून घ्यावे लागते.

आता तोच सीन बसच्या आत नेऊ. बस उभी आहे, अजून सुटायची आहे. प्रवासी आठ-नऊ, बरेचसे पेंगलेले. काचा वाफेने धुरकटलेल्या, बाहेरून पाइपने सोडलेले पाणी ओघळते आहे. पाऊस फक्त एका खिडकीपुरता आहे. भाऊ खिडकीशी बसला आहे. बहीण येऊन त्याच्या शेजारच्या जागेवर बसते. तिच्या हातात दोन तिकिटे आहेत.

“तू कुठे निघालीस?”

“घर विकलं मी. तुला सांगणारच होते.”

तो उठतो. तिने पाय बाजूला घेतल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही, आणि ती पाय घेत नाही. कंडक्टर मागच्या बाकापासून माणसे मोजत येतो आणि विचारतो, “कुणी उतरायचंय का? सुटतेय.” भाऊ उभाच आहे.

आता दिवसाउजेडीही काचा झाकून हे चित्रित करता येते, नऊ माणसांत भागते, आणि मुख्य म्हणजे बहिणीला ओरडावे लागत नाही. पहिल्या आवृत्तीत भाऊ निघून जात होता आणि त्याला काहीच करायचे नव्हते. दुसरीत त्याला कंडक्टरला उत्तर द्यायचे आहे. बचत करताना नाट्य वाढले हा निव्वळ योगायोग नाही, कारण खर्चिक गोष्टी पुष्कळदा पात्रांच्या निर्णयाची जागा भरून काढण्यासाठी लिहिलेल्या असतात. अर्थात नेहमीच असे होत नाही. कधी पूर दाखवावाच लागतो, आणि मग बाकीच्या तीन एपिसोडमधून त्याचे पैसे काढावे लागतात. एकाच घरात, ठरलेल्या नटांत अख्खा एपिसोड भागवण्याची जी युक्ती वापरतात, ती बहुधा अशाच उधळपट्टीची परतफेड असते.

चित्रीकरण सुरू झाल्यावर संहितेत केलेला प्रत्येक बदल वेगळ्या रंगाच्या पानांवर निघतो: पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी. कॉस्च्यूमवाल्यापासून लाइटवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या हाती तोच रंग असेल याची खात्री करणे हे शिस्तीचे काम आहे, आणि पानांचे व सीनचे क्रमांक एकदा गोठवले की सीन काढला तरी त्याचा क्रमांक ‘वगळला’ अशा नोंदीसह जागेवर ठेवायचा असतो, नाहीतर पुढच्या सर्वांचे वेळापत्रक कोलमडते. पात्रांची नावेही कायदा विभागाकडून तपासून घ्यावी लागतात. लाचखाऊ डॉक्टरला दिलेले सुंदर, दुर्मीळ आडनाव त्याच पेशातल्या खऱ्या माणसाचे निघाले तर ते बदलावे लागते. खलनायकाला अगदी सर्वसामान्य नाव देण्याची सवय अनेक जुन्या लेखकांना असते ती यामुळेच.

शेरे कसे घ्यावेत

स्टुडिओ आणि वाहिनी या दोघांकडून प्रत्येक टप्प्यावर नोट्स येतात. त्या देणारा माणूस बहुधा मूर्ख नसतो. तो प्रेक्षक असतो, फक्त त्याला पगार मिळतो. त्याचे दुखणे खरे असते आणि त्याने सुचवलेले औषध पुष्कळदा चुकीचे असते. ‘बाराव्या सीनमध्ये नायिका आवडत नाही, तिला जरा हसवा,’ असा शेरा आला तर बाराव्या सीनला हात लावण्यापूर्वी चौथा सीन उघडावा. तिथे तिला काय हवे आहे हे आपण सांगितलेच नसेल, तर बाराव्यात तिचा राग विनाकारण वाटणारच.

बैठकीत उत्तर देऊ नये, लिहून घ्यावे, आणि शंका असेल तर एवढेच विचारावे की नेमक्या कोणत्या ठिकाणी लक्ष उडाले. दुसऱ्या दिवशी लेखी कळवावे: या गोष्टी केल्या, या दुसऱ्या मार्गाने साधल्या, आणि ही एक केलेली नाही, तिचे कारण असे. न केलेल्यांची यादी लहान ठेवली तर तिला मान मिळतो. प्रत्येक शेऱ्याशी भांडणारा लेखक आणि प्रत्येक शेरा मुकाट्याने पाळणारा लेखक, या दोघांनाही मालिका सोपवायला कुणी धजावत नाही.

करार, श्रेय आणि बदललेली वाट

याविषयी थोडक्यात. कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्यांवर मिळतो. म्हणून तोंडी ऐकवण्यापूर्वी लेखी मांडणी तयार असावी आणि तारखेसह नोंदवलेली असावी. मालिकेच्या मूळ निर्मितीचे श्रेय, कथेचे श्रेय आणि पटकथेचे श्रेय ही तीन वेगळी असतात आणि पुढच्या मानधनाचे धागे त्यांना बांधलेले असतात. अमेरिकेत यावरून वाद झाला तर लेखकांची संघटना, रायटर्स गिल्ड, संहितांच्या सर्व आवृत्त्या तपासून निवाडा करते. तेव्हा प्रत्येक ड्राफ्ट तारीख घालून जपून ठेवावा. निर्मात्याचे पद देऊ करणाऱ्या करारात त्या पदाबरोबर कोणती कामे आणि कोणते अधिकार येतात हे वाचावे. नुसते नाव मोठे होऊन संकलनाच्या खोलीत प्रवेश नसेल, तर ती बढती नामावलीपुरती आहे.

शिकाऊ लेखकाची वाट मधल्या काळात अरुंद झाली. वर्षाला २२ एपिसोडच्या जागी आठ-दहा एपिसोडचे सीझन आले, लेखकांची खोली चित्रीकरणापूर्वीच बंद होऊ लागली, आणि आपला सीन चित्रित होताना कधीच न पाहिलेले लेखक वरच्या पदांवर पोहोचू लागले. २०२३ मध्ये २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस चाललेल्या अमेरिकी लेखकांच्या संपामागे हे एक मोठे कारण होते. त्यानंतरच्या करारात, सर्व एपिसोड एकच लेखक लिहिणार असेल तो अपवाद सोडून, मंजूर झालेल्या मालिकेसाठी सहा एपिसोडपर्यंत किमान तीन, सात ते बारापर्यंत पाच आणि तेरा किंवा अधिक असतील तर सहा लेखक घ्यावेत असे ठरले. स्टाफ रायटरला आठवड्याच्या पगाराशिवाय संहितेचे वेगळे मानधन मिळू लागले, आणि यंत्राने तयार केलेल्या मजकुराला लेखकाच्या संहितेचा दर्जा देता येणार नाही हेही त्यात आले. नियम काहीही असोत, नव्या लेखकाने आपल्या एपिसोडच्या चित्रीकरणाला हजर राहण्याची परवानगी मागावी, नाही म्हटले तरी पुढच्या वेळी पुन्हा मागावी.

सेटवर गेल्यावर एक पथ्य पाळावे. नटाला थेट सूचना देऊ नये. जे सांगायचे ते दिग्दर्शकाच्या कानात, दोन टेकच्या मधे, एका वाक्यात सांगावे. नटाने ‘हे वाक्य तोंडात बसत नाही’ म्हटले तर आधी त्याला ते त्याच्या पद्धतीने म्हणू द्यावे आणि मगच पेन काढावे.

मालिका हाती आल्यावर

शो-रनरच्या एका सामान्य मंगळवारी सहाव्या एपिसोडची कथा भिंतीवर असते, पाचव्याचा ड्राफ्ट टेबलावर, चौथ्याची लोकेशने पाहायला गाडी उभी, तिसऱ्याचे चित्रीकरण चालू, दुसरा संकलनात आणि पहिल्याचे ध्वनिमिश्रण. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याच्या ‘हो’ किंवा ‘नाही’साठी थांबलेले असते. इथे चांगल्या निर्णयाइतकाच वेळेवरचा निर्णय मोलाचा ठरतो, कारण उशिरा सुचलेला उत्तम पडदा सेटवर लावता येत नाही. जो सगळे ड्राफ्ट स्वतःच पुन्हा लिहायला बसतो त्याची मालिका चौथ्या-पाचव्या एपिसोडला तुंबते: लेखक रिकामे बसतात, सेटवर पाने उशिरा येतात, नट पाठांतराशिवाय उभे राहतात, आणि खर्च वाढला की वाहिनी आपला माणूस वर आणून बसवते. सर्वांत भरवशाच्या लेखकाला आपल्यानंतरचे स्थान द्यावे आणि एक-दोन एपिसोड त्याने हात फिरवलेले जसेच्या तसे जाऊ द्यावेत, मग त्यांतील एखादे वाक्य आपण वेगळे लिहिले असते असे कितीही वाटो.

प्रत्येक एपिसोडच्या तयारीत दिग्दर्शकासोबत संहिता पानोपान वाचण्याची एक बैठक ठेवावी. कोणता सीन कशासाठी आहे, कुठे हसू अपेक्षित आहे, कोणती वस्तू तीन एपिसोडनंतर पुन्हा लागणार असल्याने आज स्पष्ट दिसायला हवी, हे तिथे सांगून टाकले की सेटवरचे फोन निम्मे होतात.

शेवटचे लेखन संकलनात होते. आधी संकलकाची जुळणी, मग दिग्दर्शकाची आवृत्ती, आणि त्यानंतर निर्मात्याची. पहिली जुळणी शक्यतो एकटक, न थांबवता पाहावी आणि ती जवळजवळ नेहमीच निराश करते, हे आधीच धरून चालावे. एपिसोड ठरलेल्या लांबीपेक्षा चार मिनिटांनी मोठा असतो. आधी पूर्ण सीन काढता येतो का ते पाहावे, मग सीनची सुरुवात आणि शेवट छाटावेत, आणि मगच आतल्या ओळींना हात लावावा. बसच्या त्या सीनमध्ये बहीण “घर विकलं मी” म्हणते तेव्हा नटीचा अंगठा तिकिटांच्या कडेवरून फिरत असतो. त्यानंतरचे “तुला सांगणारच होते” हे वाक्य कागदावर आवश्यक वाटले होते. पडद्यावर तो अंगठा दिसल्यावर ते नकोसे होते. ते काढून टाकावे, तिथे उरलेल्या शांततेत वायपरचा आवाज राहू द्यावा, आणि चित्र पक्के करण्यापूर्वी ध्वनिसंयोजकाला तसे लिहून कळवावे, नाहीतर तो तिथे संगीत घालेल.